एकच बाइट, दोन लिपी

हुबळी-धारवाडच्या जुन्या टायपिंग आणि डीटीपी केंद्रांचे संगणक उघडले, तर दोन भाषांचा मजकूर एकाच फोल्डरात नांदताना दिसतो. कन्नड मजकूर बहुधा ‘नुडी’ किंवा ‘बरह’मध्ये टाइप केलेला, मराठी मजकूर ‘श्री-लिपी’त, ‘आकृती’त किंवा सी-डॅकच्या ‘योगेश’, ‘सुरेख’ अशा फॉन्टांत. प्रबंध, दाव्यांचे मसुदे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, नाटकांच्या संहिता, स्मरणिका, लग्नपत्रिका असा सगळा माल, साधारण १९९५ ते २०१० या काळातला. नव्या संगणकावर यांतली एखादी फाइल उघडायला गेलं की ती उघडते खरी. पानं तितकीच असतात, परिच्छेद जागच्या जागी असतात, तक्त्यांच्या रेघाही शाबूत असतात. फक्त मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली युरोपीय अक्षरं यांची सरमिसळ असते. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून ती बाजूला पडते, आणि केंद्राचा संगणक भंगारात गेला की त्याच्याबरोबर तीही जाते. वास्तविक त्या फाइलला काहीही झालेलं नसतं.

अशा फायली शेकड्यांनी, हजारांनी साठलेल्या असतात तेव्हा दोन मार्ग उरतात. एकेक फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायची, फॉन्ट बदलायचा आणि बिघडलेलं हाताने नीट करायचं. किंवा एक आज्ञा लिहायची आणि अख्खा गठ्ठा एका दमात रूपांतरित करायचा. दुसरा मार्ग वेगवान आहे हे सांगायला कुणी नको. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: तो अधिक विश्वासार्हही आहे. रूढ समज नेमका उलट आहे. माणूस प्रत्येक पान डोळ्यांखालून घालतो, यंत्र मात्र हजार फायली आंधळेपणाने एकदम बिघडवू शकतं, म्हणून महत्त्वाचे कागद हातानेच करावेत, असं जबाबदार माणसंही मानतात. हा समज कुठे चुकतो ते कळायला आधी या फायलींच्या पोटात काय आहे ते पाहावं लागेल.

संगणक मजकूर साठवतो तो आकड्यांच्या रूपात. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. त्यांतले पहिले १२८ इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं यांनी आधीच व्यापलेले. उरलेल्या जागेत भारतीय लिपींची शिस्तशीर मांडणी करण्याचा प्रयत्न झाला होता. ‘इस्की’ हे त्याचं नाव, आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. त्यातली कल्पना फार सुंदर होती: देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच आकडा द्यायचा, आणि लिपी कुठली हे वेगळ्या खुणेने सांगायचं. दोन्ही लिपी ब्राह्मीच्या लेकी, दोघींची वर्णमाला एका क्रमाची, हे त्यामागचं शहाणपण. पण टायपिंग केंद्रं गल्लोगल्ली वाढली त्या काळातल्या विंडोजला, वर्डला आणि पेजमेकरला भारतीय लिपी कळतच नव्हत्या. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीत आली, कन्नडची त्यानंतर, २००१ च्या ‘एक्सपी’त. तोवर थांबणार कोण? फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी व्यवहारी तोड काढली. इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांच्या जागांवर त्यांनी आपल्या लिपीचे तुकडे बसवले: कुठे अर्धा ‘ख’, कुठे काना, कुठे रफार. वर्डला वाटायचं आपण इंग्रजी छापतोय, वाचणाऱ्याला मराठी दिसायचं. कन्नडसाठीही हेच झालं. कन्नड गणक परिषत्तेच्या ‘नुडी’ला राज्य सरकारचं पाठबळ मिळाल्यामुळे कन्नडमध्ये निदान थोडी एकवाक्यता आली; मराठीत कुठला तुकडा कुठल्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. त्यामुळे एकच आकडा श्री-लिपीत मराठीचा एक तुकडा असतो, योगेशमध्ये दुसराच, आणि नुडीत कन्नड अक्षराचा भाग. तो आकडा स्वतः कुठल्याच भाषेचा नसतो. त्याची भाषा ठरते ती त्याच्याशेजारी नोंदलेल्या फॉन्टच्या नावावरून.

हे अक्षरांचं झालं. त्यांच्यावर आणखी एक आवरण असतं, फाइलच्या स्वरूपाचं. वर्ड ९७ पासून २००३ पर्यंत चाललेलं ‘डॉक’ हे मायक्रोसॉफ्टच्या घरचं स्वरूप. त्याचा तपशील कंपनीने सर्वांसाठी प्रसिद्ध केला तो २००८ मध्ये. २००७ पासूनचं ‘डॉक्सएक्स’ म्हणजे प्रत्यक्षात झिप केलेला गठ्ठा. त्याच्या आत मजकूर एक्सएमएलमध्ये, माणसालाही वाचता येतील अशा खुणांसह असतो, आणि फॉन्टची नावं तिथे स्वच्छ लिहिलेली सापडतात. डॉकमधून डॉक्सएक्समध्ये जायला लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा मुक्त संच पुरतो. त्याची वंशावळ जर्मनीतल्या ‘स्टारऑफिस’पर्यंत जाते, सन कंपनीने तो १९९९ मध्ये विकत घेतला, पुढच्या वर्षी त्याची आज्ञावली खुली केली, आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. बटणं, खिडक्या काही न दाखवता निव्वळ आज्ञेवर चालण्याची सोय त्यात आहे. आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्यावर ‘सॉफिस’ लिहायचं, पुढे ‘हेडलेस’ ही सूचना, मग ‘कन्व्हर्ट-टू’ आणि हवं ते स्वरूप, नव्या फायली ठेवायचा फोल्डर, आणि शेवटी तारा, टिंब, डॉक. म्हणजे या फोल्डरातली डॉक शेपटाची प्रत्येक फाइल. एवढी एक ओळ. हजार फायली हाताने उघडून ‘सेव्ह ॲज’ करायला एका माणसाचे कित्येक दिवस जातील, ते काम जेवणाच्या सुट्टीत सुरू करून विसरता येतं.

मात्र ही ओळ चालवण्याआधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. शेपटावर विश्वास ठेवता येत नाही. वर्डच्या आधीची सॉफ्टवेअरंही ‘डॉक’ हेच शेपूट वापरत, आणि आरटीएफ फायलींना कुणीतरी डॉक नाव देऊन ठेवलेलं असतं. युनिक्समध्ये १९७३ पासून ‘फाइल’ याच नावाची एक आज्ञा आहे. ती शेपूट न पाहता फाइलचे पहिले काही बाइट तपासून जात सांगते. डॉक्सएक्सची सुरुवात सहसा ‘पी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी होते. झिप स्वरूपाचा कर्ता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. दुसरी गोष्ट नावांची. दरसालच्या फोल्डरात ‘अहवाल’ नावाची एक फाइल असणारच, आणि सगळ्यांचं रूपांतर एकाच ठिकाणी साठवलं तर शेवटची आधीच्या सर्वांना पुसून टाकते, तेही न विचारता. म्हणून फोल्डरांची रचना जशीच्या तशी राखावी लागते. आणि गेलेल्या फायली किती, आलेल्या किती, हे मोजायला विसरू नये. एखादी बिघडलेली फाइल मागे राहिली तर ही आज्ञा फारसा गाजावाजा करत नाही.

आता खरी मेख. बऱ्याच जणांना वाटतं, स्वरूपाची कटकटच नको, सगळं साध्या ‘टेक्स्ट’मध्ये काढून घेऊ, टेक्स्ट फाइल शंभर वर्षांनीही उघडेल. इंग्रजीपुरतं हे बरोबर आहे. आपल्या फायलींना मात्र हा सल्ला घातक ठरतो. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव राहत नाही, आणि फॉन्टचं नाव गेलं की आकड्यांची भाषा गेली. धारवाडमध्ये टाइप केलेल्या एखाद्या प्रबंधात मराठी विवेचन, कन्नड उतारे आणि इंग्रजी संदर्भ असे तिन्ही एकत्र असू शकतात. कर्नाटक विद्यापीठात मराठीचाही विभाग आहे, तेव्हा ही काल्पनिक अडचण नव्हे. अशा फाइलचं टेक्स्ट केलं की कुठला परिच्छेद नुडीचा, कुठला श्री-लिपीचा आणि कुठला खरोखरच इंग्रजी, हे सांगणारी एकमेव खूण पुसली जाते. त्यानंतर सरसकट मराठीचा तक्ता, म्हणजे कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर करायचं याची यादी, लावला तर इंग्रजी ग्रंथनामांचंही मराठीसारखं दिसणारं निरर्थक काहीतरी होतं. श्री-लिपीच्या फॉन्टांच्या नावांत ‘देव’ आणि ‘कन’ अशी लिपीची ओळख गुंफलेली असते. ती चार-दोन अक्षरं म्हणजे या सगळ्या व्यवहाराची किल्ली आहे. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी आवरण बदलायचं, फॉन्टची नावं राखून, मग फॉन्ट पाहून अक्षरं बदलायची, आणि टेक्स्ट हवंच असेल तर ते सगळ्यात शेवटी.

अक्षरं बदलणं म्हणजे या आकड्याऐवजी तो आकडा, इतकं सरळ नसतं. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात; युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र आकडे देणाऱ्या आजच्या मानकात, उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’मधली पहिली वेलांटी जुन्या फाइलमध्ये ‘क’च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाइलमध्ये ‘म’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त म्हणून ‘म’च्या आधी यावा लागतो. अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर केलेलं असेल तर ते दोन्ही मिळून एक करायचं. शिवाय मराठीची म्हणून काही खास दुखणी आहेत. हिंदीसाठी केलेला तक्ता मराठीला लावला तर तो ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांच्यापाशी अडखळतो, आणि मग आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांच्या नावावर चढते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीच्या तक्त्यांत तो ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही.

इथेच मूळ मुद्दा येतो. हे काम हाताने करणारा टायपिस्ट कितीही कसलेला असो, त्याच्या चुका विखुरलेल्या असतात. सोमवारी तो ‘दऱ्या’ नीट करतो, गुरुवारी दमलेला असतो तेव्हा ‘दर्या’ तसाच राहून जातो. त्या चुकीला नियम नसतो, म्हणून ती शोधायला सगळी पानं पुन्हा वाचण्यावाचून इलाज नाही, आणि वाचणाराही माणूसच. आज्ञेने झालेली चूक एकसारखी असते. तक्त्यात ‘ऱ्य’ चुकला असेल तर तो हजारही फायलींत त्याच रीतीने चुकलेला असतो. एका पानावर सापडला की सगळीकडे सापडला. तक्त्याची एक ओळ बदलायची, मूळ फायलींवर आज्ञा पुन्हा चालवायची, आणि हजार फायली एकदम सुधारतात. त्याहून मोठी सोय पडताळ्याची. तयार झालेला युनिकोड मजकूर उलट्या तक्त्याने पुन्हा जुन्या फॉन्टात न्यायचा आणि मूळ फाइलशी बाइटला बाइट लावून पाहायचा. जिथे फरक दिसेल तिथे एक तर तक्ता चुकला आहे किंवा मूळ टायपिस्टने दोनदा काना दाबला आहे; दोन्ही तपासता येतात. हाताने केलेल्या कामाला अशी उलटतपासणी लावताच येत नाही, कारण टायपिस्टने केव्हा काय ठरवलं याची नोंदच कुठे नसते. आज्ञा मात्र स्वतःच नोंद असते. ती आणि तक्ता मूळ फायलींशेजारी ठेवले, तर वीस वर्षांनी येणाऱ्या माणसालाही काय केलं गेलं ते अक्षरशः वाचता येतं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: एकसारखी चूक सापडली तर ठीक, न सापडली तर? मग अख्खा संग्रह एका फटक्यात नासला. हा धोका खरा आहे, आणि त्याचं उत्तर एकच आहे, मूळ फायलींना कधीही हात लावायचा नाही. रूपांतरित प्रती वेगळ्या ठिकाणी, मूळ प्रती केवळ-वाचनीय करून दोन वेगळ्या डिस्कांवर, आणि प्रत्येक मूळ फाइलची ठशासारखी ओळखसंख्या, म्हणजे चेकसम, काढून ठेवलेली. ही अट पाळली तर घाऊक रूपांतरात मागे फिरता येणार नाही असं काहीच घडत नाही. न पाळता फायलींवरच नव्या प्रती चढवल्या, तर हात आणि आज्ञा यांत कोण अधिक भरवशाचं ही चर्चाच फोल आहे. गंमत म्हणजे हाताने करणारे लोकच बहुधा जुन्या फाइलवर नवी ‘सेव्ह’ करतात.

दुसरा आक्षेप निवांतपणाचा: वर्ड अजून डॉक उघडतो, मग घाई कसली? ही सोय कायमची गृहीत धरता येत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ साठी दिलेल्या सुधारणा-संचाने सुरक्षेचं कारण सांगून काही जुनी स्वरूपं उघडणं आपोआप बंद केलं होतं. ज्यांच्याकडे ती होती त्यांना हे एका सकाळी कळलं. पण आपल्याकडे खरी घाई फायलींपेक्षा फॉन्टांची आहे. फॉन्ट जुन्या संगणकात असतात, त्यांचे परवाने जुन्या कुलूपकळांना, म्हणजे डोंगलांना, बांधलेले असतात, आणि कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरला हे केंद्रचालकाच्या डोक्यात असतं. यांतलं काहीही नव्याने तयार करता येत नाही. पेजमेकरच्या फायलींचं तर आणखी अवघड. २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर ते सॉफ्टवेअर पुढे गेलंच नाही. लिब्रेऑफिस त्या फायली काही प्रमाणात उघडतं, पण मजकुराचे चौकोन सुटे होतात.

पीडीएफ करून मोकळं व्हा, असंही सुचवलं जातं. पीडीएफ हवंच. धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ २००८ पासून बसतं, २०१३ पासून ते कायमचं झालं. तिथल्या कागदांत ‘पान अमुक, परिच्छेद तमुक’ या हिशेबाला मोल असतं, आणि रूपांतरात पानं सरकू शकतात. तेव्हा जुना फॉन्ट हाताशी असतानाच मूळ पानाचं चित्र पीडीएफमध्ये गोठवून ठेवणं शहाणपणाचं. पण ते चित्र आहे. त्यात नाव शोधता येत नाही, उतारा काढता येत नाही. चित्रावरून अक्षरं ओळखणारं ‘टेसरॅक्ट’सारखं मुक्त सॉफ्टवेअर मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतं खरं, तरी जो मजकूर नेमक्या आकड्यांत हाताशी आहे त्याचं आधी चित्र करायचं आणि मग अंदाजाने परत अक्षरं काढायची, हा द्राविडी प्राणायाम झाला. फॉन्ट पूर्ण हरवला असेल आणि फक्त छापील प्रत उरली असेल, तिथे तो उपयोगी. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही तेच म्हणता येईल: ती अडलेल्या जागी बसेल असा शब्द घालते, आणि न्यायालयाच्या मसुद्यात बसेल असा शब्द नको असतो, होता तो शब्द हवा असतो. इंटरनेटवरच्या फुकट रूपांतर-सेवांबाबत तर वादच नको. दुसऱ्याचा दावा किंवा पतसंस्थेच्या कर्जदारांची यादी अनोळखी माणसाच्या संगणकावर पाठवायची कशाला, जेव्हा हे सगळं काम इंटरनेटची तार काढूनही होतं?

राहिला काळ्या पडद्याचा धसका. तो नव्या पिढीचा आहे. या फायली ज्यांनी टाइप केल्या त्या पिढीने डॉसवर आज्ञा लिहूनच फ्लॉपीवर प्रती काढल्या, तारा आणि टिंब त्यांच्या बोटांना ओळखीचे आहेत. तसंही या कामात प्रोग्रॅमरपेक्षा जुन्या ऑपरेटरचं ज्ञान मोलाचं ठरतं. आज्ञा कुणीही लिहून देईल. हा फॉन्ट श्री-लिपीच्या कुठल्या आवृत्तीचा, हे पानाकडे एक नजर टाकून सांगणारा माणूस शोधावा लागतो.

धारवाडला लिपी बदलण्याचा अनुभव नवा नाही. पेशवाईत आणि नंतर मुंबई इलाख्यात इथल्या दप्तरांत मोडीतला मराठी मजकूर होता, कन्नडशेजारी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. ज्यांची मातृभाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे याच गावात कन्नडचे महाकवी झाले, आणि मराठीतही लिहीत राहिले. मोडी व्यवहारातून गेली तरी मोडीचा कागद डोळ्यांना दिसतो, अक्षर शिकून घेतलं की तो वाचता येतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. नुडीतली किंवा श्री-लिपीतली फाइल तशी नाही. फॉन्ट आणि त्याचा तक्ता हरवला, तर शिकायला समोर अक्षरच उरत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांच्या रुमालापेक्षा वीस वर्षांपूर्वीची सीडी अधिक लवकर मुकी होऊ शकते, ती यामुळे.

शेवटी एक मोह टाळण्याजोगा. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. हुबळीचं हुब्बळ्ळी, बेळगावचं बेळगावी, विजापूरचं विजयपुर झालं. आज्ञा चालवतच आहोत तर लगे हाथ सगळ्या फायलींत जुन्या नावांऐवजी नवी घालून टाकू, अशी सूचना अशा कामात हमखास येते, कारण ते एका ओळीत होतं. करू नये. १९९८ च्या अहवालात जे नाव छापलं होतं तेच त्याच्या रूपांतरातही राहायला हवं. नाहीतर उलट्या तक्त्याचा पडताळा तर बिघडतोच, शिवाय कागदाची तारीख आणि मजकूर यांची साक्ष जुळत नाही. नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनी फाइल सापडावी यासाठी दोन्ही नावांची जोडसूची वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येते, आणि शोधणारं सॉफ्टवेअर ती सूची पाहून दोन्ही नावं धुंडाळतं.